कातरणीच्या दिवसांतला चिकू

दसरा उलटला की आमच्याकडं हवेत लोकर उडायला लागते. पाऊस मागं पडलेला असतो, उन्हाचा चटका अजून गेलेला नसतो, आणि बिंदुसरा नदीच्या पाण्यात धुऊन आणलेली मेंढरं दोन दिवस वाळली की घरापुढच्या लिंबाखाली कातरणी बसते. कातरीचा कच्च-कच्च आवाज एका लयीत चालू होतो. त्या आवाजानं मला झोप येते. सांगायला लाज कसली, भर दुपारी परातीत पीठ तसंच ठेवून मी चौकटीला टेकून पेंगते. लोकरीचे बारीक तंतू उन्हातून तरंगत येतात, परातीत उतरतात, पापणीवर बसतात. "तुला लोकरीची भूल पडती," असं आमचे हे म्हणतात. पडते खरी. त्या भुलीत मला चार वर्षांपूर्वीची कातरणी दिसत राहते आणि इकडं पीठ वाळून जातं.

आजही तेच चाललंय. हे लिंबाखाली मेंढी आडवी पाडून बसलेत. कातरीचा पहिला आवाज झाल्याबरोबर चिकू आतून धावत आला आणि माझ्या पदराखाली शिरला. नुसतं नाक बाहेर, तेही ओलं, माझ्या मनगटाला टेकलेलं. मी त्याला म्हणते, अरे बाबा, तुला आता कुणी हात लावत नाही. पण त्याचा माझ्यावर विश्वास नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

चिकू म्हणजे आमचं कुत्रं. यॉर्कशायर टेरिअर ही त्याची जात. हे नाव तोंडात बसायला मला आठवडा लागला. अंगानं एवढंसं, दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढं. पाठीवर माणसाच्या केसांसारखे लांब राखी केस आणि तोंडावर चिकूच्या सालीचा रंग, म्हणून सोनालीनं ते नाव ठेवलं. सोनाली माझी पोरगी, एकुलती. तीन महिने सांभाळायला म्हणून तिनं त्याला माझ्याकडं दिलं होतं. त्याला आता चार वर्षं झाली, आणि परत न्यायचं नाव कुणी काढत नाही.

पण चिकूचं सांगायचं तर आधी आबांचं सांगावं लागेल. आबा माझे सासरे. पाली गावच्या शिवारात त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. बोलणं मोजकं, राग त्याहून मोजका, पण एकदा आला की मुक्काम करून राहणारा. सोनालीनं पुण्यात स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेही जातीबाहेर. आबांनी आरडाओरडा केला नाही. भाकरी खाता खाता एवढंच म्हणाले, "ती आता ह्या दारात न्हाई यायची." ताटातली भाकरी पूर्ण संपवली, हात धुतला, आणि त्या दिवसापासून तिचं नाव घेणं सोडलं. ज्या पोरीला खांद्यावर बसवून त्यांनी सगळं माळरान दाखवलं, कोकरांना नावं ठेवायचा मान जिला दिला, तिचं नाव. ह्यांनी समजावून बघितलं, मी रडून बघितलं. आबा मूग गिळून बसले ते बसलेच. दोन वर्षं गेली. माझ्या मनात दिवसरात्र एकच घोर होता, की आबांचं वय झालंय, ह्या दोघांचं बोलणं व्हायच्या आधी काही बरंवाईट झालं तर मी माझ्या लेकीला काय तोंड दाखवू?

त्यात त्या वर्षी सोनालीला कंपनीनं तीन महिन्यांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं, आणि जावयाचं काम असं की घराला दिवसभर कुलूप. तिचा फोन आला, "आई, चिकूला सांभाळशील का?" मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ध्यानात आलं. आबांना सांगायचं काय?

बाजाराला जाते असं सांगून मी बीडला गेले. पुण्याच्या गाडीतून ती उतरली. हातात झाकणाची प्लास्टिकची टोपली, आणि टोपलीच्या जाळीतून दोन काळे डोळे. स्टँडच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. टेबलाखालून तिनं माझा हात धरून ठेवला होता.

"आबा कसे हायत?"

"बरे हायत."

"माझं नाव काढतात का गं कधी?"

मी चहावर फुंकर मारत बसले. चहा कधीच गार झाला होता. ती समजायचं ते समजली आणि मग घाईघाईनं कुत्र्याचं सांगायला लागली. रोज दोनदा विंचरायचं, डोळ्यांवर केस येतात म्हणून कपाळावर रबर लावायचं, आठवड्याला एकदा आंघोळ. "आणि आई, केस तेवढे कापू नको गं. पिल्लू होतं तेव्हापासून वाढवलेत. लग्न झालं त्याच महिन्यात आणलेलं मी त्याला." मग तिची परतीची गाडी लागली. घर अर्ध्या तासावर आणि माझी लेक स्टँडवरूनच माघारी गेली. रिक्षात मी रडत होते, टोपलीतलं कुत्रं रडत होतं, आणि रिक्षावाला बिचारा आरशातून दोघांकडं बघत गाडी हाकत होता.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. टोपलीत वाकून बघितलं.

"ह्ये काय आणलंस?"

"कुत्रं हाय आबा. बीडच्या एका मॅडमचं. तीन म्हैने सांभाळायला दिलंय."

"अजून किती वाढंल?"

"वाढायचं तेवढं वाढलंय."

"मग कावून पाळत्यात लोकं?" आबांना खरंच प्रश्न पडला होता. त्यांनी पाळलेली कुत्री लांडग्याच्या अंगावर जाणारी. हे तर कोंबडीच्याही अंगावर जायच्या मापाचं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली.

मेंढरं बोलवायची आबांची एक खूण आहे. जीभ टाळूला लावून तीनदा टकटक करायचं आणि शेवटी एक बारीक शीळ ओढायची. आमच्याच कळपाची खूण ती, शेजारच्यांची वेगळी. त्या संध्याकाळी मेंढरं कोंडायची वेळ झाली, आबांनी बांधावरून खूण दिली, आणि एकाही मेंढराच्या आधी चिकू माझ्या हातातून सुटला. कान मागं, केस उडतायत, धापा टाकत थेट आबांच्या पायाशी जाऊन बसला. पुण्याच्या बंद घरात ती शीळ त्याला कोण ऐकवत असेल, हे सांगायला लागत नव्हतं. आबांनी ती आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. आबा जागच्या जागी उभे राहिले. वाकून कुत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मॅडम हुशार दिसती तुझी," ते म्हणाले आणि मेंढरं कोंडायला गेले.

तर अशी गंमत. कुत्रं कुणाचं ते मला ठाऊक, त्यांना ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक. पण दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही. घरात रोज त्या न पाहिलेल्या मॅडमचा विषय निघायचा. "मॅडमनं ह्याला दूध पाजायला सांगितलंय का?" असं आबा विचारायचे. "सांगितलंय," मी म्हणायचे. मग आबा आपल्या वाटीतलं अर्धं दूध बशीत ओतायचे आणि दुसरीकडं बघत बसायचे.

ते दिवस आता आठवले की सगळं पांढरं पांढरं दिसतं. वेचणी चालू होती, पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस रचलेला. दाराशी उभं राहिलं तरी त्याचा उबदार, धुळकट वास अंगावर यायचा. चिकू त्या ढिगात शिरायचा आणि बुडून जायचा. कुठं गेला म्हणून बघावं तर कापसात एक खळगा, खळग्यात काळं नाक, आणि एक डोळा अर्धवट उघडा. दुपारी मी पण ढिगाला पाठ टेकून बसायचे. बाहेर लिंबावर होले घुमायचे, वेचणीला गेलेल्या बायांचं बोलणं लांबून ऐकू यायचं आणि मध्येच विरून जायचं. मी जागी आहे का झोपेत, तेच कळायचं नाही. सोनाली तान्ही होती तेव्हा अशाच ढिगापाशी मी तिला निजवायचे. हाताला मऊ काही लागलं की वाटायचं तिचं जावळ आहे, आणि डोळे उघडले की चिकू असायचा.

जातीचा गुण मात्र झोपेत पण जात नाही. कापसाच्या मागं कुठं उंदीर खसफसला की हे निजलेलं लेकरू एकदम वाघ व्हायचं. अंग ताठ, शेपटी वर, आणि मग अशी काही उडी घ्यायचा की कापसाचे लोळ छतापर्यंत. पहिला उंदीर त्यानं तोंडात धरून आणला आणि आबांच्या वहाणेवर ठेवला. आबांनी उंदीर बघितला, कुत्रं बघितलं.

"म्हंजी कामाचं हाय तर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी रानात निघताना त्यांनी घोंगडीची घडी उलगडली, चिकूला आत घेतलं आणि खांद्यावर टाकलं. मला काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर रोज सकाळी घोंगडीतून एक तपकिरी तोंड बाहेर काढून चिकू माळाला जायचा आणि संध्याकाळी कुसळं, गोखरू, काडीकचरा अंगभर माळून परत यायचा. मी तासभर विंचरत बसायचे. कपाळावरचं रबर तर दोन दिवसांत कुठं पडलं ते सापडलंच नाही.

सोनालीचा फोन संध्याकाळी यायचा, तोंड दिसणारा. मी फोन घेऊन गोठ्यामागं जायचे. ती चिकूला हाक मारायची, चिकू फोन चाटायचा. आबा बाजेवर पाठ करून बसलेले. ऐकत नाहीत असं दाखवायचे, पण त्या वेळेला त्यांची तंबाखू मळायची थांबलेली असायची, हे मी बघून ठेवलं होतं.

आणि मग कातरणी बसली. मी त्या दिवशी वेचणीला गेलते. आबांनी सकाळपासून मेंढरं कातरायला घेतली. कातरणं हे त्यांच्या लेखी नुसतं काम नाही. जनावर उकाड्यानं दमलेलं असतं, केसांत गोचीड, काटे, चिखल. ते सगळं उतरवलं की मेंढी उठून अंग झाडते आणि उड्या मारत जाते. आबा म्हणायचे, ते बघायला मला आवडतं. कोकरांची पहिली लोकर ते स्वतःच्या हातानं उतरवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी शेवटचं कोकरू झालं. शेजारी चिकू बसलेला, जीभ बाहेर, अंगात गोखरू अडकलेले. आबांनी त्याला उचललं आणि मांडीवर घेतलं.

मी आले तेव्हा लिंबाखाली लोकरीच्या ढिगाशेजारी एक छोटा वेगळा ढीग होता, राखी आणि तपकिरी. आणि मेंढरांमध्ये एक उघडं, गुलाबी, उंदराएवढं काहीतरी थरथरत उभं होतं. पाठीवर आमच्या कळपाची खूण, गेरूचा ठिपका. कानाजवळ कातर लागली होती तिथं हळद भरलेली. आबा खुशीत होते.

"बघ कसं मोकळं झालंय. उकाड्यानं लई कदरलं व्हतं बिचारं."

माझ्या डोक्यावर आभाळ कोसळल्यासारखं झालं. ओरडावं म्हटलं तर कुणावर? केस कापू नका हे मी आबांना सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर कुणी सांगितलं ते आलं असतं, कधीपासून वाढवलेत ते आलं असतं, लग्नाचं आलं असतं. दोन वर्षं त्या घरात जे बोलायचं नव्हतं त्याच्याच मध्ये ते कुत्रं उभं होतं, आणि कातरलं गेलं. मी आत जाऊन चूल पेटवली आणि धुराच्या नावानं डोळे पुसले.

आबा शहाणे. माझ्या पाठीकडं बघूनच त्यांना कळलं. थोड्या वेळानं चौकटीत येऊन विचारलं, "कातरायचं नव्हतं का?"

"नव्हतं."

"मॅडमनं सांगितलं व्हतं?"

"व्हय."

ते गेले. त्यांनी तो छोटा ढीग गोळा केला, फडक्यात बांधला आणि उशाखाली ठेवला.

त्याच आठवड्यात थंडी पडायला लागली. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडं सकाळी बिंदुसरेच्या धरणावरून असा वारा येतो की हाडं वाजतात. चिकूचं थरथरणं थांबेना. आबांनी जुन्या घोंगडीचा तुकडा कापून, दाभणानं शिवून त्याला अंगरखा केला. तो त्याला टोचायचा. मग आबांनी त्याला आपल्या बंडीत घातलं, छातीशी, आणि बटणं लावून टाकली. तीन दिवस रानात गेले नाहीत. चिकू दूध पिईना, बशीकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा. आबांनीही भाकरी चतकोरावर आणली. गाईम्हशींच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी चिकूला किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून वजन केलं, एवढ्याशाला सुई किती द्यायची म्हणून डोकं खाजवलं, आणि शेवटी म्हणाले, "औषध थोडंच द्यायचं. ह्याला निम्मा आजार थंडीचा हाय, निम्मा लाजंचा. उबंत ठिवा." बंडीच्या आतून चिकूचं डोकं आबांच्या हनुवटीला टेकलेलं होतं. आबा कुणाशी बोलत नव्हते, पण मला दिसायचं, ते खाली वाकून त्याच्याशी काहीतरी पुटपुटतायत. ओठ हलायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत.

आणि फोनवर मी खोटं बोलत होते. पहिल्या दिवशी म्हणाले, चिकू झोपलाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, रानात गेलाय. तिसऱ्या दिवशी रेंज नाही म्हणून तोंड दिसणारा फोन घेतलाच नाही, साधा घेतला. माझी लेक तिकडं परक्या देशात, एवढ्याशा कुत्र्याच्या केसांत लग्नापासूनचे दिवस मोजत बसलेली, आणि मी तिची आई असून तिला फसवतेय. मला स्वतःचाच राग यायचा, मग आबांचा यायचा, मग त्या बंडीतल्या दोघांकडं बघून तोही धड येत नसे.

सहाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी गोठ्यामागं गेलेच नाही. गळून गेले होते. ओट्यावरच घेतला. पडद्यावर सोनाली, डोळे सुजलेले.

"आई, सहा दिवस झाले तू चिकू दाखवत नाहीस. मला खरं सांग. मेला का तो?"

ती रडायलाच लागली, मोठ्यानं, लहानपणी कोकरू मेलं की रडायची तशी. अंगणभर तिचा आवाज. दोन वर्षांत त्या अंगणात तो आवाज एवढा मोठा आलाच नव्हता. बाजेची करकर झाली. आबा उठून येत होते, एक हात छातीवरच्या फुगवट्याला लावून. मला वाटलं, आता हे फोन बंद करा म्हणणार. त्यांनी हात पुढं केला. मी फोन दिला.

तोंड दिसणारा फोन कसा धरायचा ते त्यांना कुठलं ठाऊक. त्यांनी तो सरळ कानाला लावला. सोनालीला तिकडं नुसता कान आणि पांढरे कल्ले दिसत असणार.

"जित्तं हाय कुत्रं," आबा म्हणाले.

तिकडं रडणं एकदम थांबलं. मग बारीक आवाज आला, "आबा?"

"हां." आबांनी फोन कानाशी आणखी दाबला. "म्या कातरलं त्याला. मेंढरासंगं. मला वाटलं उकडत आसंल लेकराला. तुला इचारलं न्हाई. चुकलं माझं."

ह्या घरात येऊन मला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. हे दोन शब्द आबांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते, आणि त्यांच्या पोरानंही ऐकले नसतील. मला माहीत होतं की ते केसांबद्दल बोलत नाहीयेत, सोनालीलाही माहीत होतं. तीही आबांचीच नात. तिनं तेवढंच धरलं जेवढं त्यांनी पुढं केलं होतं.

"केसाचं काय एवढं आबा," ती म्हणाली. पुण्याची बोली गेली, आमची आली. "येत्यात परत."

"येत्याल," आबा म्हणाले. "तू कवा येतीस?"

बंडीतून चिकूनं डोकं वर काढलं आणि फोनच्या कडेला नाक लावलं. आबांनी दुसऱ्या हातानं त्याचं बोडकं डोकं झाकलं.

"आन एकटी येऊ नको," ते म्हणाले. "नातजावयाला मेंढरं हाकता येत्यात का, ते मला बघायचंय."